कॉइलओव्हर बसवले आणि गाडी बोलायला लागली : टकटक, टण्ण आणि ठक

वरंधा_वळण (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आता गरजेपोटी धागा काढतोय.

गाडी पोलो १.२ टीएसआय, २०१७ची. राहायला पुण्यात, सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूला. मार्चमध्ये मूळचे शॉकअप काढून कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारी स्प्रिंग आणि डँपरची जोडी; डँपर म्हणजे शॉकअपच) बसवले. पुढच्या डँपरच्या बॉडीला आटे आहेत, त्यावर ६ किलो प्रति मिमीची स्प्रिंग आणि वर पिलोबॉल माउंट (रबराऐवजी धातूचा गोल बॉल असलेला वरचा आधार). मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा दांडा) आहे, त्यामुळे तिथे स्प्रिंग वेगळी आणि डँपर वेगळा. गाडी साधारण ३५ मिमी खाली आली. घाटात काय चालते म्हणून सांगू! वळणावर अंग टाकतच नाही. पहिले दोन आठवडे मी हवेत होतो.

मग आवाज सुरू झाले.

खराब रस्त्यावर १५ ते ३० च्या वेगात पुढून टकटक येते. साधे पेव्हर ब्लॉक असले तरी पुरतं. ६० च्या पुढे गेलो की ऐकू येत नाही. पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की टण्ण वाजतं, गिटारची तार तुटावी तसं. आणि स्पीडब्रेकरवरून जरा जोरात उतरलो की एकदाच ठक.

जिथे बसवून घेतले तिथे दोनदा गेलो. पहिल्यांदा म्हणाले, "कॉइलओव्हर आहेत साहेब, आवाज येणारच." दुसऱ्यांदा लिंक रॉड (वळणावर गाडी झुकू न देणाऱ्या अँटिरोल बारला जोडणारे छोटे दांडे) बदलायला लावले. दोन्ही बाजूचे नवीन टाकले, ४२०० रुपये गेले, टकटक जागच्या जागी. आता म्हणतात लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) बदला.

माझा संशय डाव्या बाजूवर आहे, आवाज तिकडूनच येतो. बायको गाडीला बैलगाडी म्हणते. वडील एकदाच बसले आणि उतरताना म्हणाले, "पैसे मोजून खडखड विकत घेणारा आपल्या घराण्यात तू पहिलाच."

लोअर आर्म बदलू की नको?

---

मिसळ_विदाउट_पाव

वाचतोय. वडिलांना सादर प्रणाम.

---

शुद्ध_स्टॉक

कडू बोलतो, राग मानू नका. कंपनीच्या शेकडो इंजिनियरांनी वर्षानुवर्षं घासून जे सस्पेन्शन बसवलं ते काढून टाकायचं आणि मग आवाज येतो म्हणून धागा काढायचा. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ वाचून घ्या. गाडीत बदल केल्यावर आरसीवरचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळला पाहिजे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे कलम उचलून धरलंय. उद्या अपघात झाला आणि विमावाल्यांनी बोट दाखवलं तर?

मूळचे शॉकअप ठेवलेत ना? तेच परत बसवा.

---

वरंधा_वळण

मूळचे माळ्यावर आहेत, फेकलेले नाहीत. विमा कंपनीला बदल लेखी कळवलाय. पण कलम ५२ नं टकटक थांबत नाही हो.

---

जुना_फिटर

धागा सकाळीच वाचला होता, जेवण झाल्यावर लिहितोय. २२ वर्षं सर्व्हिस सेंटरला काढली, आता गुडघ्यानं रजा दिली आहे.

लोअर आर्म बदलू नका. निदान आता तरी नको. काहीच बदलू नका.

तुमची मूळ चूक अशी की तुम्ही "आवाज" म्हणताय. तुम्हीच तीन शब्द लिहिलेत आणि तिन्ही वेगळे आहेत. टकटक, टण्ण, ठक. आमच्याकडे गिऱ्हाईक आलं की मी पहिल्यांदा तोंडानं आवाज काढून दाखवायला सांगायचो. नवी पोरं हसायची. पण माणूस "कुईकुई" म्हणाला की रबर बघायचं, "टकटक" म्हणाला की ढिलं लोखंड बघायचं, "धप्प" म्हणाला की बंपस्टॉप (डँपर पूर्ण दबला की टेकतो तो ठोकळा), आणि "फुस्स" म्हणाला तर बहुतेक डँपरच्या व्हॉल्व्हमधून तेल पळतंय, त्याला घाबरायचं नाही. तीन आवाज असतील तर तीन रोग धरून चाला. एकाच गोळीनं तिन्ही जातील या आशेवरच लोकांचे पैसे जातात.

आता टकटकीचं. एक पैसा न घालता पुढचं करा.

रिकाम्या रस्त्यावर दोन्ही पुढची चाकं एकदम अडथळ्यावरून न्या. मग तोच अडथळा फक्त एका चाकाखाली घ्या. दोन्ही चाकं सारखी वर गेली तर अँटिरोल बारला पीळ पडत नाही, म्हणजे लिंक रॉड गप्प बसतात. एका चाकावर जास्त वाजलं तर लिंक आणि बार. दोन्हीवर सारखंच वाजलं तर वर बघा, माउंटकडे.

मग त्याच रस्त्यावर डाव्या पायानं ब्रेक हलका दाबून जा. पाऊल नुसतं टेकवायचं. आवाज थांबला तर तो सस्पेन्शनचा नाहीच, ब्रेक पॅड नाहीतर कॅलिपर हलतंय. ही चाचणी न करता किती शॉकअप बदलले गेले असतील, देवाला ठाऊक.

त्यानंतर एका बाजूचा लिंक रॉड सोडून, तारेनं नीट बांधून, सोसायटीच्या आत दहाच्या वेगानं चक्कर. बाहेर रस्त्यावर असं जायचं नाही, गाडी वळणावर वेगळी वागते.

आणि गाडी वर घेऊन दोन्ही पुढची चाकं लोंबकळू द्या. स्प्रिंग हातानं फिरवून बघा. फिरली तर मला कळवा, त्यावर माझ्याकडे पुष्कळ बोलण्यासारखं आहे.

दोन गोष्टी जीव गेला तरी करायच्या नाहीत. नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही, घोड्या (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) लावायच्या. आणि डँपरच्या दांड्याचा वरचा नट स्प्रिंगवर ताण असताना सोडायचा नाही. मूळच्या शॉकअपची स्प्रिंग कंप्रेसर न लावता उघडणाऱ्या एकाचा जबडा मी डोळ्यांनी पाहिलाय.

कुठली बाजू ते आत्ताच ठरवू नका. पत्रा आवाज वाहून नेतो.

---

नादखुळी

जुना_फिटर काकांना दंडवत. मी चाकणला आवाज आणि कंपन मोजण्याच्याच कामात आहे. आमच्याकडे मायक्रोफोन लाखाचे असतात, पण पहिला प्रश्न तोच असतो : आवाज नेमका कसा येतो? (कोल्हापूरची असल्यामुळे आयडीबद्दल विचारू नये.)

काकांनी टकटक घेतली, मी टण्ण घेते, कारण तिचं कारण जवळजवळ नक्की आहे.

मॅकफरसन स्ट्रटमध्ये (तुमच्या पुढच्या सस्पेन्शनची रचना) स्टिअरिंग फिरवलं की नक्कलबरोबर (चाक ज्यावर बसतं तो भाग) अख्खी डँपरची बॉडी फिरते. स्प्रिंगचं खालचं टोक त्या बॉडीवर बसलेलं असतं, म्हणून तेही फिरतं. वरचं टोक गाडीच्या अंगाला टेकलेलं. आता वर बेअरिंग मोकळं असेल तर अख्खी स्प्रिंग आरामात फिरते. मूळच्या माउंटमध्ये यासाठी वेगळं बेअरिंग असतं, त्याचं कामच ते. पिलोबॉल माउंटमध्ये बऱ्याचदा ते वेगळं बेअरिंग नसतं. सगळं त्या एका गोल बॉलच्या भरवशावर. त्यावर गाडीच्या कोपऱ्याचं वजन दाबून बसलेलं, त्यामुळे बॉल लगेच फिरत नाही. स्प्रिंगला पीळ बसत जातो, बसत जातो, आणि एका क्षणी ती सुटते. टण्ण.

खात्री करायची असेल तर गाडी जमिनीवर उभी असताना कुणाला तरी स्टिअरिंग सावकाश फिरवायला सांगा आणि स्प्रिंगच्या बाहेरच्या बाजूला तळहात नुसता टेकवा. बोटं वेटोळ्यांच्या मध्ये अजिबात घालू नका. पीळ सुटताना हाताला झटका लागेल.

उपाय स्वस्त आहे. स्प्रिंगचं वरचं टोक आणि वरची थाळी यांच्यामध्ये थ्रस्ट बेअरिंग, नाहीतर दोन गुळगुळीत थ्रस्ट वायसर. स्प्रिंगचा आतला व्यास मोजूनच घ्या. बाजारात ६०, ६२, ६५ आणि ७० मिमी असे बरेच आकार आहेत आणि "चालून जाईल" म्हणून घेतलेलं चालत नाही.

डाव्या-उजव्याबद्दल काकांशी शंभर टक्के सहमत. आवाज ज्या बाजूनं ऐकू येतो आणि ज्या बाजूला होतो, त्या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. माणसाचा कान मोकळ्या हवेत दिशा छान ओळखतो, बंद केबिनमध्ये फसतो.

---

ताम्हिणी_धुकं

एवढं कशाला? गंज सोडवायचा स्प्रे मारा सगळीकडे. बुशवर, माउंटवर, स्प्रिंगवर. माझ्या जुन्या गाडीचा आवाज दोन मिनिटांत गेला होता.

---

जुना_फिटर

आणि किती दिवसांनी परत आला?

---

ताम्हिणी_धुकं

पाचव्या दिवशी :)

---

नादखुळी

रबराच्या बुशवर खनिज तेलाचा स्प्रे मारला तर रबर फुगतं आणि लवकर मरतं. लावायचंच तर सिलिकॉन ग्रीस. आणि पिलोबॉलच्या आत टेफ्लॉनचं अस्तर असेल (बहुतेकांत असतं) तर त्याला ग्रीस लावायचंच नाही. ग्रीस धूळ धरून ठेवतं आणि त्या धुळीनं अस्तर घासून निघतं. तो कोरडाच ठेवायचा. पावसाळ्यात चिखल धुऊन काढा, वर टोपण असेल तर ते हरवू देऊ नका.

शिवाय सगळीकडे स्प्रे मारल्यावर आवाज गेलाच, तर तो कुठून येत होता ते कधी कळणार?

---

वरंधा_वळण

मंडळी, रविवार सार्थकी लागला. मेव्हण्याला सोबत घेऊन सगळं केलं. क्रमानं सांगतो.

दोन्ही चाकं एकदम नेली तरी टकटक आहे. एका चाकावर घेतली तरी आहे, थोडीशीच जास्त. लिंक रॉड सोडून चक्कर मारली तरी आहे. म्हणजे ४२०० रुपये अधिकृतरीत्या पाण्यात. ब्रेक टेकवला तरी फरक नाही.

तळहाताची चाचणी : दोन्ही बाजूंना झटका लागतो. नादखुळी ताई, तुमचं बरोबर निघालं, टण्णचा निकाल लागला.

आणि आता काका, तुमच्यासाठी. घोड्यांवर घेऊन चाकं लोंबकळू दिली. डावी स्प्रिंग दोन बोटांनी गरागरा फिरते. फिरते कसली, वरखाली पण होते! फीलर गेज नव्हता म्हणून कॅलिपरनं मोजलं, स्प्रिंग आणि वरची थाळी यांच्यात ९ मिमीची फट. उजवीकडे २ मिमी. हे असंच असतं का?

अजून एक. खालच्या ब्रॅकेटमध्ये बॉडी किती आत गेली आहे ते मोजलं, तर डावी बाजू उजवीपेक्षा ७ मिमी कमी आत आहे. बाहेरून चाकाच्या कमानीपर्यंतची उंची मात्र दोन्हीकडे सारखी.

---

जुना_फिटर

नाही, असं नसतं. तुमचा "ठक" सापडला.

तुमच्या किटमध्ये उंची बदलायच्या दोन जागा आहेत. एक, स्प्रिंग ज्या रिंगवर बसते ती रिंग. दोन, बॉडी ज्या ब्रॅकेटमध्ये आट्यांनी बसते तो खालचा ब्रॅकेट. योग्य पद्धत अशी की आधी रिंगनं स्प्रिंगचा ताण ठरवून ती लॉक करायची, मग तिला विसरून उंची ब्रॅकेटनं ठरवायची. बसवणाऱ्यानं ब्रॅकेट दोन्हीकडे वेगवेगळे सोडले. गाडी एका अंगाला वर दिसली असणार, तेव्हा गाडी खाली घेऊन रिंगा फिरवत बसला, उंची सारखी होईपर्यंत. ७ मिमी ब्रॅकेटचा फरक, ७ मिमी फटीचा फरक. हिशेब जुळला की नाही?

आता ठक कसा होतो बघा. तुमच्या गाडीच्या पुढच्या एका कोपऱ्यावर स्प्रिंगच्या वर असलेलं वजन ढोबळमानानं २९० किलो धरा. स्प्रिंग ६ किलो प्रति मिमी. म्हणजे गाडी उभी असताना स्प्रिंग अंदाजे ४८ मिमी दबलेली. ब्रेकरवरून उतरताना चाक ४८ मिमी खाली आलं की स्प्रिंग मोकळी झाली, पण डँपर अजून ९ मिमी लांब होतो. त्या ९ मिमीत स्प्रिंगला कुणी वाली नाही. चाक परत वर आलं की ती थाळीवर आपटते. हळू उतरलात तर चाक तेवढं लोंबकळत नाही, म्हणून तुम्हाला फक्त जोरात उतरल्यावर ऐकू येतो.

आपल्या गल्लीतल्या ब्रेकरांनी तर सगळ्यांचंच वाटोळं केलंय म्हणा. इंडियन रोड्स काँग्रेसचं माप आहे, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच. सोसायटीवाले १० सेंमी तेवढे बरोबर लक्षात ठेवतात.

दोन्हीकडे रिंग वर घेऊन ४ मिमी ताण द्या. म्हणजे डावी १३ मिमी वर, उजवी ६. गाडी तेवढीच वर येईल, ती ब्रॅकेटमध्ये बॉडी आत फिरवून परत खाली घ्यायची. चाक अधांतरी असताना रिंग फिरवा, वजन असताना हूक पान्यानं झोंबलात तर आटे जातील. लॉक रिंग घट्ट.

---

वरंधा_वळण

पण ताण दिला तर गाडी अजून कडक होणार ना? आत्ताच आई मागे बसायला तयार नाही.

---

नादखुळी

नाही होणार. हा गैरसमज फार आहे. सरळ स्प्रिंगचा कडकपणा ६ म्हणजे ६, आधी ४ मिमी दाबली तरी पुढच्या प्रत्येक मिमीला ६ किलोच लागतात. गाडीचं वजन तेच, म्हणून उभी असताना स्प्रिंग तेवढीच, ४८ मिमी, दबलेली राहणार. बदलतं ते डँपरच्या आतलं पिस्टनचं स्थान. खाली लोंबकळायला वाव आत्ताच्या ५७ (उजवीकडे ५०) ऐवजी ४४ उरतो आणि वर दबायला तुमच्या आत्ताच्यापेक्षा जास्त मिळतो. डाव्या बाजूला आत्ता उलटं चाललंय, वर दबायला जागाच कमी, म्हणजे खड्ड्यात बंपस्टॉपला लवकर टेकत असणार. उलट मऊच वाटेल.

वाव अजून हवा असेल तर मुख्य स्प्रिंगच्या वर एक छोटी, अगदी हलकी हेल्पर स्प्रिंग घालतात. तिचं काम एकच, मोठीला जागेवर धरून ठेवायचं. तुम्हाला गरज वाटत नाही.

आईंना मागे न्यायचं असेल तर मागच्या डँपरचे क्लिक (कडकपणा बदलायच्या खुंटीचे टप्पे) मोजून घ्या. पूर्ण कडक करा, तिथून मऊकडे मोजत या. दोन्हीकडे सारखे आहेत का बघा. ज्यानं रिंगा अशा लावल्या त्यानं क्लिक मोजले असतील यावर माझा विश्वास नाही.

---

गारठलेला_गडी

टोरंटोहून. इकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि एका मोसमात रिंगा आट्यांना अशा चिकटतात की हूक पाना वाकतो. आट्यांवर अँटिसीझ (आटे चिकटू न देणारी पेस्ट) लावायचं आणि पाणी मारून धूत राहायचं. कोकणात राहणाऱ्यांनीही हे करावं, समुद्राची हवा काही कमी नाही. पुण्यात चिखल पुरेसा आहे.

---

वरंधा_वळण

क्लिक मोजले. मागे डावीकडे ११, उजवीकडे १९. ताई, मी आता काही बोलत नाही.

राहता राहिली टकटक. दांड्याचे वरचे नट दोन्हीकडे पाना लावून तपासले, दगडासारखे घट्ट. बॉल जॉइंटला पहार लावून बघितलं, खेळ नाही. लोअर आर्मचे बुश फाटलेले नाहीत. आता?

---

जुना_फिटर

घट्ट नटावर माझा जास्त संशय. नट दोन कारणांनी घट्ट लागतो. एक, त्यानं ज्याला दाबायचं त्याला दाबलंय. दोन, त्याचे आटे संपलेत आणि तो तिथेच थांबलाय.

किटसोबत एक प्लॅस्टिकची पिशवी आली असेल, वायसर, बुश, हूक पाना वगैरे. ती कुठाय?

---

वरंधा_वळण

डिकीत, स्टेपनीच्या खाचेत होती. कधी उघडलीच नाही. आत हूक पाना, स्टिकर आणि एक छोटी पोलादी नळी. साधारण ८ मिमी उंच, एका बाजूला कॉलर.

एकच आहे.

काका, ही दोन असायला हवी होती का?

---

जुना_फिटर

दोन होत्याच. एक गाडीत बसलीय. पिलोबॉल आणि नटाच्या मध्ये बसते ती. आता कुठल्या बाजूला नाही ते शोधा. नट सोडायची घाई नको, आधी खात्री करा.

---

नादखुळी

अरे वा! आता सगळं जुळतंय. यामुळेच गाडी हातानं हलवून हा आवाज सापडत नाही. स्प्रिंगचा भार त्या नटावर येतच नाही, तो थाळीतून थेट बॉलवर जातो. नटावर फक्त डँपरची ओढ येते. चाक वर जाताना दांडा वर ढकलला जातो, खाली येताना नट बॉलवर ओढला जातो. मध्ये नळी नसेल तर नट आटे संपले तिथे थांबला, आणि बॉल आणि नट यांच्यात एखादा मिमी फट राहिली. मग प्रत्येक छोट्या खड्ड्यावर दोनदा, जाताना एक टक आणि येताना एक. पेव्हर ब्लॉक म्हणजे तर तबलाच. वेगात टायर आणि वाऱ्याच्या आवाजाखाली ती दबून जाते.

खात्री करायला घरात लहान मूल असेल तर त्याची खेळायची क्ले घ्या. नटाच्या खाली फटीत दोन्हीकडे चिमूटभर भरा आणि दोन किलोमीटर फिरून या.

---

मिसळ_विदाउट_पाव

लाखाचे मायक्रोफोन आणि शेवटी क्ले!

---

वरंधा_वळण

लेकीनं गुलाबी क्ले द्यायला नकार दिला, हिरवी मिळाली.

दोन किलोमीटर, तेही धायरीच्या बाजूच्या सगळ्यात वाईट तुकड्यावर. परत येऊन बॉनेट उघडलं. डावीकडची क्ले जशी भरली तशीच, माझ्या नखाची खूण सुद्धा शाबूत. उजवीकडची चपातीसारखी लाटलेली आणि अर्धी बाहेर आलेली.

उजवीकडची! तीन महिने मी डाव्या बाजूवर आळ घेतोय. लिंक रॉडही "डावा तरी नक्की बदला" म्हणून मीच सांगितलं होतं.

उद्या सुट्टी टाकतोय. बसवणाऱ्याकडे परत जात नाही. घराजवळ एक छोटं गॅरेज आहे, रॅम्प आहे, आणि मालक स्वतः हात काळे करतो. धागा छापून नेतोय.

---

जुना_फिटर

त्याला सांगा, दांडा पकडायला वरून अॅलन की लावायची आणि नट रिंग पान्यानं. इम्पॅक्ट गन नको, दांडा नटाबरोबर गरगर फिरतो आणि माणसाला वाटतं नट बसला. दांड्याच्या चकचकीत भागाला पकड तर अजिबात लावू द्यायची नाही. एक ओरखडा आला की सील गेलं, तेल गळायला लागेल. टॉर्क किटच्या पत्रकात असेल तोच.

आणि शेवटचं, सगळे विसरतात ते. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट एकदा ढिले करून, गाडी तिच्या चाकांवर उभी असताना परत आवळा. गाडी ३५ मिमी खाली आली, पण बुश जुन्याच उंचीला आवळलेले असणार. ते रोज पिळून बसलेत. आज वाजत नाहीत, दिवाळीपर्यंत कुईकुई करतील आणि मग फाटतील.

---

वरंधा_वळण

झालं!

सकाळी साडेनऊला गाडी चढवली, दुपारी तीनला उतरली. मधल्या वेळात मालकांनी धागा दोनदा वाचला. म्हणाले, "हे फिटर काका कुठं बसतात? भेटायला पाहिजे."

उजव्या स्ट्रटमध्ये नळी नव्हतीच. ती बसवली, पत्रकाप्रमाणे टॉर्क. दोन्ही स्प्रिंगांच्या डोक्यावर थ्रस्ट बेअरिंग घातली, भोसरीहून मागवली, जोडीचे ९५० रुपये. त्यांच्या जाडीएवढी रिंग खाली घेऊन हिशेब सांभाळला. रिंगा आणि ब्रॅकेट काकांच्या मापानं, दोन्हीकडे ताण ४ मिमी. मागचे क्लिक दोन्हीकडे १८. बुशचे बोल्ट रॅम्पवर चाकांवर वजन ठेवून आवळले. चाकाचे बोल्ट १२० न्यूटन मीटर. मग अलाइनमेंट, तिथे पुढचं टो बरंच बाहेर (म्हणजे चाकं पुढून बाहेर वळलेली) निघालं. आतल्या बाजूनं टायर खायला सुरुवात झालेलीच होती, ती मी बघितलीच नव्हती.

काल संध्याकाळी त्याच पेव्हर ब्लॉकवरून तीनदा गेलो. काच खाली, म्युझिक बंद. टकटक शून्य. पार्किंगमध्ये टण्ण शून्य. ब्रेकरवरून मुद्दाम जोरात उतरलो, ठक नाही.

मात्र आता एक नवीनच ऐकू येतंय. मागून, बारीक किणकिण. दोन दिवस झोप उडाली. शेवटी कळलं, मागच्या दाराच्या खणात आईची चष्म्याची पेटी आहे. तीही बहुतेक मार्चपासूनच तिथे असावी, टकटकीखाली कुणाला ऐकू येणार?

आई मागे बसली. कात्रजपर्यंत जाऊन आलो. "बरं आहे आता," एवढंच म्हणाली.

---

शुद्ध_स्टॉक

अभिनंदन. माळ्यावरचे शॉकअप विकायचे असतील तर कळवा, माझ्या भावाकडे पोलो आहे.

---

ताम्हिणी_धुकं

वरंधा भाऊ, बेअरिंगचा आतला व्यास किती घेतला? माझ्याकडे पण टण्ण आहे. (स्प्रे मारून झालाय.)

---

वरंधा_वळण

माझी स्प्रिंग ६२ मिमीची निघाली. तुमची काढून मोजा, माझ्या आकड्यावर जाऊ नका.

---

जुना_फिटर

आणि डिकीतल्या पिशवीत आता काय उरलंय?

---

वरंधा_वळण

हूक पाना आणि दोन स्टिकर.

---

जुना_फिटर

स्टिकर लावू नका.